प्रोपिंक्विटी म्हणजे नेमकं किती जवळ?

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून ज्या काकू राहतात, त्या गेल्या मे महिन्यात भर दुपारी दारात आल्या. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात पिवळं पाकीट, पाकिटात टाइप केलेले दोन कागद. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत होता, लग्न झालं नव्हतं. आदल्या दिवाळीनंतर तो गेला. बँकेत त्याच्या नावावर एक मुदत ठेव होती. नॉमिनी लावलेला नव्हता, आणि मृत्युपत्र करायचं त्या तरण्या पोराला कुठून सुचणार? बँकेनं वारसाची कागदपत्रं मागितली, काकू वकिलांकडे गेल्या आणि वकिलांनी इंग्रजीत लेखी मत करून दिलं.

काकूंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. इंग्रजी वाचता येतं. दोन्ही पानं त्यांनी स्वतः वाचून काढली होती आणि एकाच शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. प्रोपिंक्विटी.

"हे काय होय रे?" त्यांनी विचारलं. "डिक्शनरीत पाह्यलं तर जवळीक म्हणते. इथं लिहिलं आहे का आईची जवळीक बापापेक्षा जास्त, म्हणून पैसे आईचे. मंग हे काय दूरचे झाले?"

'हे' म्हणजे काका. ते त्यांच्या ओसरीत कूलरसमोर खुर्ची टाकून बसले होते. आमच्या दारातून दिसत होते.

मी तेव्हा "कायद्याची भाषा आहे काकू, मनावर घेऊ नका" असं काहीतरी बोललो. ते काही उत्तर नव्हतं. नंतर त्या एका शब्दामागे मी बरेच दिवस फिरलो. जे हाती लागलं ते काकूंना सांगितलंच, आता इथेही मांडतो आहे.

उच्चार आधी. प्रो-पिंक्-वि-टी, जोर 'पिंक्'वर. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडीही हा शब्द क्वचितच येतो. जवळ असण्याला त्यांचा रोजचा शब्द 'प्रॉक्सिमिटी'. तो आपल्याही खिशात आहे. फोन कानाला लावला की पडदा आपोआप काळा होतो, ते करणाऱ्या बारक्या भागाला प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. फोनजवळ काहीतरी आलं, एवढंच त्याला कळतं. तो कान आहे की उशी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

प्रोपिंक्विटीला ते असतं. या शब्दात जागेची जवळीक आहे, तशीच रक्ताची आहे. दोन घटना लागोपाठ घडल्या तर त्या काळाच्या जवळिकेलाही तो चालतो आणि दोघांचा स्वभाव जुळला तर त्या सारखेपणालाही. पण मुख्य अर्थ दोनच: शेजार आणि नातं. एकाच शब्दात हे दोन्ही कसे काय मावले, ते पाहायला लॅटिनपर्यंत जावं लागतं.

लॅटिनमध्ये 'प्रोपे' म्हणजे जवळ. त्यावरून 'प्रोपिंक्वस', म्हणजे जवळचा. जवळचं शेतही प्रोपिंक्वस आणि जवळचा माणूसही. याचंच अनेकवचन 'प्रोपिंक्वी' झालं की अर्थ सरळ 'नातेवाईक'. उलट शब्दही त्याच साच्यातला आहे: 'लाँगिंक्वस', लांबचा. या प्रोपिंक्वसचं भाववाचक नाम प्रोपिंक्विटास. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरलं, चौदाव्या शतकाच्या अखेरीस. सहाशेहून अधिक वर्षं झाली, तरी ते इंग्रजीत पाहुण्यासारखंच राहिलं आहे.

'प्रोपे'च्या पुढच्या पायऱ्या अशा: प्रोपे, प्रोपिओर, प्रॉक्सिमस. जवळ, अधिक जवळ, सर्वांत जवळ. रोजच्या वापरातली प्रॉक्सिमिटी ही या शेवटच्या पायरीवरची. जी 'सर्वांत जवळ'मधून जन्मली तिच्या वाट्याला नुसती फूटपट्टी आली आणि जी साध्या 'जवळ'मधून आली तिनं नात्यागोत्याचा पसारा सांभाळला. 'अप्रॉक्सिमेट' आणि 'अप्रोच' हेही याच घराण्यातले. एकाचा अर्थ खऱ्या आकड्याच्या जवळ जाणारा, दुसऱ्याचा जवळ जाणं.

इंग्रजीच्या स्वतःच्या घरातही अशीच तीन पायऱ्यांची उतरंड होती: नाय, निअर, नेक्स्ट. 'निअर'चा मूळ अर्थ 'अधिक जवळ' आणि 'नेक्स्ट'चा 'सर्वांत जवळचा'. वापरून वापरून 'निअर' नुसतं 'जवळ' झालं, 'नेक्स्ट' 'पुढचा' झाला आणि 'नाय' अडगळीत पडलं. ते 'नाय' अजून एका शब्दात जिवंत आहे. 'नेबर', म्हणजे शेजारी. जुन्या इंग्रजीत त्याची फोड 'जवळ' अधिक 'राहणारा, शेती कसणारा'. शेताचा बांध ज्याच्याशी लागलेला तो नेबर. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालतात, तेव्हा हा अर्थ समजायला विदर्भातल्या माणसाला कोश लागणार नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण मला खरं कोडं इथे पडलं. आपण म्हणतो, "लग्नाला फक्त जवळच्या लोकांना बोलावलं." किती किलोमीटर जवळच्या, असं कुणी विचारत नाही. सख्खा मामा अमेरिकेत असला तरी जवळचा आणि पलीकडच्या गल्लीतला आजोबांच्या चुलतभावाचा नातू लांबचा. म्हणजे रोमन माणसाला जे सुचलं तेच आपल्यालाही सुचलं होतं. विशेषण एकच, जागेला आणि नात्याला. पण भाववाचक नाम करायला गेलं की मराठीत वाटा फुटतात. 'सामीप्य' जागेचं. 'सान्निध्य'ही जागेचंच, पण त्यात आदर मिसळलेला, गुरूंचं किंवा निसर्गाचं. 'जवळीक' मनाची. वर्तमानपत्रांनी तिला आता वेगळाच रंग दिला आहे, म्हणून काकूंना 'आईची जवळीक' हे शब्द खटकले असावेत. 'सलगी' थोडी आगाऊ, 'घसट' त्याहून. नात्याला 'आप्तसंबंध', 'सोयरीक'. सगळं आहे, पण सगळं मिळून एक असं काही नाही.

एक शब्द मात्र फार जवळ पोचतो, तो म्हणजे 'घरोबा'. घरोबा नात्यातल्यांशीच असावा असं नाही, उलट बहुतेक वेळा तो बिगरनात्यातल्यांशी असतो, आणि तो ठरवून होत नाही. दार दाराशी असतं. कुणाकडे भाजीत टाकायला सांबार नसतो (बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर) म्हणून दोन काड्या मागितल्या जातात. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यातून पाटवडीचे चार तुकडे परत येतात. वीस वर्षांनी एका घरातल्या दुखवट्याला दुसऱ्या घरातली चूल पेटत नाही. जागेच्या जवळिकेतून मनाची जवळीक उगवते, ती रीत या एका शब्दात साठवलेली आहे. काकूंचं घर आणि आमचं घर यांच्यात आहे तो घरोबाच.

जवळ असण्याच्या पायऱ्या मोजणं मराठी माणसाला नवीन नाही. कीर्तनात चार मुक्ती ऐकलेल्या असतात: सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. देवाच्या गावात राहणं, देवाच्या जवळ राहणं, देवासारखं दिसणं आणि देवात मिसळून जाणं. आधी गाव एक, मग अंगण एक, मग रूप एक. जवळ राहिलं की सारखेपणा येतो, हा क्रम त्यात गृहीतच धरला आहे. गोठ्यातल्या भाषेत तेच: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

ही म्हण खरी आहे का, हे पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात मोजून पाहिलं आणि तिथेच या अडगळीतल्या शब्दाला नवं काम मिळालं. जेम्स बोसार्ड यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातले विवाह परवान्यांचे ५००० अर्ज काढून वधूवरांचे लग्नाआधीचे पत्ते ताडून पाहिले. तीनातलं एक जोडपं एकमेकांपासून पाच चौकांच्या आत राहणारं निघालं. १९३२ साली छापलेल्या या अभ्यासाच्या शीर्षकातच 'निवासाची प्रोपिंक्विटी' होती. ज्या समाजात जोडीदार आपला आपण निवडतात, तिथेही निवडीचं रान इतकं लहान होतं.

पण मला जास्त भावला तो १९५० साली पुस्तकरूपानं आलेला अभ्यास. लिओन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक अशा तिघांचा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आले होते, बायकामुलांसह. त्यांच्यासाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. तिच्या एका भागात दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच घरं ओळीनं. घर रिकामं झालं की यादीत पुढं असेल त्याला मिळायचं, म्हणजे शेजारी कोण असावा हे कुणीच निवडलेलं नव्हतं. एका मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं सगळं अंतर शंभर फुटांच्याही आत.

या लोकांना विचारलं, तुमचं येणंजाणं कुणाकडे जास्त? अगदी लगतच्या दाराची निवड झाल्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. एक दार सोडून पलीकडे ते २२ वर आलं, दोन दारं सोडून १६ वर, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १० वर. माणसं साधारण एकाच वयाची, एकाच अनुभवातून आलेली, एकच शिक्षण घेणारी. फरक होता तो वीसेक पावलांचा.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. खालच्या मजल्यावरच्या ज्या घरांच्या दारापाशी जिना सुरू होत होता, त्यांची वरच्या मजल्यावर ओळख इतरांपेक्षा जास्त होती. वरचे लोक जाता-येता त्यांच्याच दारावरून जायचे. पत्रपेट्या जिथे होत्या तिथलंही तसंच. उलट काही घरांची तोंडं अंगणाऐवजी रस्त्याकडे होती, त्यांना फुटांनी मोजलं तर शेजारी तितकेच जवळ, पण मित्र कमी. अभ्यासकांनी म्हणून दोन अंतरं वेगळी केली. एक टेपनं मोजायचं. दुसरं, रोजच्या वाटा एकमेकींना किती वेळा छेदतात ते. मैत्री दुसऱ्या अंतरानं ठरते.

हे वाचताना मला आमचा जुना वाडा दिसत होता. सात बिऱ्हाडं, मागच्या चौकात एकच नळ आणि त्याला सकाळी पाऊण तास पाणी. त्या पाऊण तासात सातही घरांची खबरबात एकमेकांना कळायची. कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाकडे पाहुणे येणार आहेत, कुणाच्या आवाजात आज दम नाही. नळ घरोघरी आले, ते हवेच होते. रांगेत उभं राहायच्या त्रासाचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या दिवसापासून मागचा चौक रिकामा झाला हेही खरं. माझा भाऊ मानेवाड्याकडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो. समोरचं दार सहा फुटांवर आहे. लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरते, तिथून गाडी, गाडीतून ऑफिस. चार वर्षं झाली, समोरच्यांचं आडनाव त्याला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. टेप धरली तर वाड्यातली सगळी बिऱ्हाडं त्या समोरच्या दारापेक्षा लांब होती.

नुसत्या दिसण्यानं इतकं काय होतं? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली, एवढ्यानंच ती आवडू लागते. चेहरा असो, अर्थ न कळणारा शब्द असो. अनोळखी गोष्टीपुढे शरीर सावध असतं. दहा वेळा ती समोर आली आणि दहाही वेळा काही वाईट झालं नाही की सावधपणा ढिला पडतो आणि त्या ढिलेपणालाच आपण आवड समजतो. १९९२ साली पिट्सबर्ग विद्यापीठात याची वर्गातच परीक्षा झाली. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी एका मोठ्या वर्गात येऊन बसत. एक पंधरा वेळा आली, एक दहा, एक पाच, एक एकदाही नाही. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरलेलं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली.

शाळेतली मैत्री आठवून पाहा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलिस प्रशिक्षणार्थींना आडनावाच्या अक्षरक्रमानं खोल्या आणि बाकं दिली होती. त्यांना जवळचे मित्र विचारले, तर आडनावं अक्षरक्रमात लागून असणाऱ्यांची नावं भराभर आली. हा अभ्यास १९७४ सालचा. माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र शाळेत माझ्यापुढच्या हजेरी क्रमांकाचा होता. प्रयोगवहीवर सही घ्यायला आम्ही एकामागे एक उभे राहायचो. मला वाटायचं, आमचे विचार जुळतात म्हणून मैत्री झाली.

मात्र जवळ राहिलं की मायाच वाढते, असं समजू नये. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका निवासी संकुलात मित्रांसोबत न आवडणारी माणसंही विचारली गेली. तीही जवळच राहणारी निघाली, आणि मित्रांपेक्षाही जवळ! कारणं आपल्या परिचयाची: आवाज, गाडी लावण्याची जागा, कुत्रा. दूरच्या माणसाला आपला असा त्रास देताच येत नाही. मराठीत 'भाऊबंद' या प्रेमळ शब्दापासून 'भाऊबंदकी' हा कडू शब्द एका अक्षरावर आहे, त्यामागे हेच आहे. प्रोपिंक्विटी भेटी वाढवते. भेटीत काय घडतं, ते तिच्या हातात नाही.

भाषांनाही शेजार लागतो. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी आणि पुढे १९५६ पर्यंत मराठी-हिंदी मिळून असलेल्या राज्याची राजधानी होतं. जवळजवळ शंभर वर्षं एकाच कचेरीत, एकाच बाजारात, एकाच रेल्वे फलाटावर दोन भाषा खांद्याला खांदा लावून उभ्या. त्यातून आमचं 'करून राहिलो', 'जाऊन राहिली', 'पाहून राहिलो' आलं. हिंदीतला 'कर रहा हूँ'चा सांगाडा, त्यावर मराठी कातडी. पुण्यात मला यावरून हसलेले लोक आहेत. मला यात चूक दिसत नाही. सहवासाची खूण दिसते.

आणि शब्दांचाही एकमेकांना शेजार लागतो, हे आपल्याकडे तर्कशास्त्रातच सांगून ठेवलं आहे. वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी हव्यात, असं अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह म्हणतो: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. संनिधी म्हणजे शब्द लागोपाठ उच्चारले जाणं. 'गाय' आता म्हटलं आणि 'आण' तीन तासांनी म्हटलं, तर कुणीच गाय आणणार नाही. या संनिधीचं दुसरं नाव 'आसत्ती'. हा शब्द ध्यानात ठेवा, लगेच लागणार आहे.

कारण आता काकूंच्या कागदाकडे वळायचं आहे. रक्ताच्या जवळिकेला 'प्रोपिंक्विटी' म्हणायची इंग्रजांची सवय जुनी. शेक्सपिअरचा राजा लिअर धाकट्या मुलीला, कॉर्डिलियाला, टाकून देतो तेव्हा जे जे नाकारतो त्यात बापाची माया आहे आणि रक्ताची प्रोपिंक्विटीही आहे. ती मुलगी त्या क्षणी त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर उभी असते. जागेची जवळीक असताना रक्ताची जवळीक शब्दानं तोडता येते, असं त्या राजाला वाटतं, आणि पुढचं सगळं नाटक ती तुटत नाही म्हणून घडतं.

हाच शब्द भारतात कचेरीच्या दारातून आला. वारसाहक्काबद्दल मनुस्मृतीत एक ओळ आहे: अनन्तरः सपिण्डाद् यस्तस्य तस्य धनं भवेत्. सपिंडांमध्ये जो सर्वांत लगतचा, धन त्याचं. आता 'सपिंड' कोण? इथे दोन मोठे पंथ झाले. बंगालकडच्या दायभाग या ग्रंथात पिंड म्हणजे श्राद्धाचा भाताचा गोळा, आणि मेलेल्याला पिंडदानाचं पुण्य ज्याच्याकडून पोचेल तो वारस. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरेत पिंड म्हणजे देह. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड. मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, ती लिहिली विज्ञानेश्वरांनी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याण इथे. आज ते बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात. एका गटाचं गणित विधीचं, दुसऱ्याचं रक्ताचं. हिंदू कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत या दुसऱ्या गणिताचं नाव 'प्रोपिंक्विटी'चं तत्त्व.

विज्ञानेश्वरांपुढे नेमका काकूंचाच प्रश्न होता. याज्ञवल्क्यस्मृतीत निपुत्रिकाच्या वारसांचा क्रम आहे: पत्नी, मुली, मग 'पितरौ', मग भाऊ. पितरौ हे द्विवचन. त्यात आई आहे आणि बापही आहे, पण दिसतो फक्त बापाचा शब्द. मग दोघांत आधी कोण? त्यांनी दोन कारणांनी आईला पुढं ठेवलं. पहिलं व्याकरणाचं: या समासाचा विग्रह करताना 'माता च पिता च' असं म्हणतात, आई आधी येते. दुसरं आपल्या कामाचं: बाप दुसऱ्या बायकांपासून झालेल्या मुलांचाही बाप असू शकतो, तो त्यांच्यात साधारण आहे, वाटला गेलेला आहे. आई तशी वाटली जात नाही. म्हणून आईची 'प्रत्यासत्ती' अधिक.

हेन्री थॉमस कोलब्रुक यांनी मिताक्षरेच्या या भागाचं इंग्रजी भाषांतर १८१० साली कलकत्त्यात छापलं. 'प्रत्यासत्ती'पाशी आल्यावर त्यांनी लिहिलं: प्रोपिंक्विटी. तिथून तो शब्द इंग्रजांच्या न्यायालयांत, न्यायालयांतून कायद्याच्या पुस्तकांत, आणि पुस्तकांतून काकूंच्या पिवळ्या पाकिटात. सगळ्यांना हे मान्य होतं असं नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी व्यवहारमयूखात बापाला आधी ठेवलं. पण आज लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई पहिल्या वर्गात आहे, पत्नी आणि मुलामुलींच्या बरोबरीनं. बाप दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेल तर दुसऱ्याची पाळी येतच नाही. कायद्याच्या नावात हिंदू असलं तरी बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही तो लागू आहे. त्याच वर्षी दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांच्या घरांनाही.

'प्रत्यासत्ती'ची फोड मला सगळ्यांत आवडली. प्रति, आ, आणि सद् हा धातू. सद् म्हणजे बसणे. परिषद, संसद, उपनिषद या सगळ्यांत तोच आहे. आसत्ती म्हणजे जवळ येऊन बसणं. लॅटिन शब्दात नुसतं जवळ असणं आहे. संस्कृत शब्दात कुणीतरी उठून, चालत येऊन, शेजारी बसलेलं आहे.

हे सगळं मी काकूंना जूनमध्ये सांगितलं, पहिला पाऊस पडून गेल्यावर, त्यांच्याच ओसरीत. काका आत झोपले होते. कायदा तुमच्या घराकडे बघून बनलेला नाही, असं मी म्हटलं. पूर्वी एका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन बायका असत, म्हणून बाप वाटला गेलेला धरला. काकांशी त्याचा काही संबंध नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यांना एकच होता, हे त्या शास्त्रकाराला ठाऊक नव्हतं."

"नाही," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये ठेवीची रक्कम त्यांच्या खात्यात आली. दुसऱ्या दिवशी त्या मला सोबत घेऊन बँकेत गेल्या आणि त्याच रकमेची नवी ठेव करायचा फॉर्म मागून घेतला. दोघांच्या नावाची. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव, खाली महालातला पत्ता, गल्लीच्या नावासकट, शाळेत फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात. दुसऱ्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. नाते: पती. पत्ता: वरीलप्रमाणे.